झावळ्यांच्या गावी आलेला चित्रकार

झावळ्यांच्या रविवारी सकाळी चर्चच्या आवारात जो हिरवा दरवळ पसरलेला असतो, त्याचे वर्णन आपल्या वाचकांना करून सांगण्याची गरज नाही. आदल्या दिवशी माडावरून उतरविलेल्या कोवळ्या झावळ्या, त्यांच्या पातींचे आजीबाईंनी नातवंडांना विणून दिलेले लहान लहान क्रूस, मिरवणुकीत पुढच्याच्या पाठीला टोचणारी टोके आणि घरी आल्यावर वर्षभर वेदीमागे खोचून ठेवलेली ती वाळकी पाती. पुढल्या राख बुधवारी तीच पाती जाळून कपाळावर येते. आपल्या उपासनावर्षाचे चक्र असे एका झाडाच्या पानाभोवती फिरते.

येशूच्या जेरुसलेम-प्रवेशाची कथा चारही शुभवर्तमानांत आहे. परंतु खजुरीच्या झावळ्यांचा स्पष्ट उल्लेख करतो तो एकटा संत योहान. इतरत्र झाडांच्या डहाळ्या आहेत, अंगावरची वस्त्रे आहेत. योहानाच्या त्या एका शब्दामुळे ख्रिस्तसभा दोन हजार वर्षे झावळ्यांचा शोध घेत आली. ज्या देशात खजूर नाही, तेथे जे मिळाले ते तिने आपलेसे केले. इटलीच्या खेड्यांत ऑलिव्हच्या डहाळ्या, उत्तरेच्या थंड प्रदेशांत विलोच्या कळ्या, आपल्या किनाऱ्यावर माड. मग खुद्द रोममध्ये, संत पेत्राच्या चौकात, पोप महोदयांच्या हाती जी झावळी असते ती कोठून येते?

उच्च शिक्षणासाठी रोमला असताना हा प्रश्न मला प्रथम पडला. झावळ्यांच्या रविवारी संत पेत्राच्या चौकात माझ्यासारख्या विद्यार्थी-धर्मगुरूंच्या हाती ऑलिव्हची डहाळी आली होती. परंतु पुढे चालणाऱ्या कार्डिनलांच्या हाती फिक्या पिवळ्या, जवळजवळ हस्तिदंती रंगाच्या, अतिशय नाजूक विणलेल्या झावळ्या होत्या. इतके फिके पान मी आमच्या वाडीत कधी पाहिले नव्हते. चौकशी करता कळले, की त्या लिगुरियाच्या किनाऱ्यावरून, सानरेमो आणि बोर्दिगेरा या शेजारशेजारच्या गावांकडून येतात. तेथील बोलीत त्यांना ‘पार्मुरेली’ म्हणतात. बोर्दिगेरा हे नाव ऐकताच मला दुसरेच काही आठवले. सेमिनरीच्या ग्रंथालयात पाहिलेल्या चित्रांच्या एका जुन्या पुस्तकात त्या नावाचे एक चित्र होते. वाकड्यातिकड्या झाडांच्या खोडांतून दिसणारे एक गाव आणि त्यापलीकडे विश्वास बसू नये इतका निळा समुद्र. चित्रकार होता क्लोद मोने, वर्ष १८८४. एकाच गावाने पोपला झावळी द्यावी आणि एका अश्रद्ध चित्रकाराला निळा रंग द्यावा, या योगायोगाचा धागा मी पुढे अनेक वर्षे उलगडत राहिलो. त्याचीच ही कथा.

प्रथम झावळीची हकिकत. १५८६ साली पोप पाचवे सिक्स्तस यांच्या आज्ञेवरून वास्तुविशारद दोमेनिको फोंताना याने इजिप्तमधून रोमन काळात आणलेला सुमारे २५ मीटर उंचीचा पाषाणस्तंभ संत पेत्राच्या चौकात उभा केला. सुमारे ९०० माणसे, १४० घोडे आणि असंख्य दोर या कामाला जुंपले होते. १० सप्टेंबर रोजी स्तंभ उभा राहत असताना जमावातील कोणीही शब्द उच्चारू नये, उच्चारल्यास देहान्त शासन, अशी ताकीद होती. परंपरा सांगते की ऐन वेळी घर्षणाने तापलेले दोर ताणून तुटू लागले, तेव्हा सानरेमोचा ब्रेस्का नावाचा एक खलाशी शिक्षेची पर्वा न करता ओरडला, “दोरांना पाणी द्या!” तागाचा दोर भिजला की आखडतो, हे समुद्रावरच्या माणसालाच ठाऊक असणार. दोर भिजविले गेले, स्तंभ उभा राहिला आणि पोपने शिक्षेऐवजी त्याला बक्षीस दिले. झावळ्यांच्या रविवारी व्हॅटिकनला झावळ्या पुरविण्याचा मान त्याच्या घराण्याकडे आला.

कथा सुंदर आहे. मात्र त्या काळच्या लेखनात तिला आधार सापडत नाही, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने मान्य केलेच पाहिजे. स्वतः फोंतानाने त्या कामाचे तपशीलवार पुस्तक लिहिले, त्यात ब्रेस्का नाही. तरीही तिच्यातले मर्म मला खोटे वाटत नाही. विद्वानांच्या व अधिकाऱ्यांच्या गर्दीत एका दर्यावर्दी माणसाचे हातचे ज्ञान उपयोगी पडते, ही गोष्ट आपल्या कोळीवाड्यांतील कोणालाही पटेल.

खजूर मात्र त्या किनाऱ्यावर ब्रेस्काच्याही फार पूर्वीपासून आहे. बोर्दिगेरा आपल्या पालक संताचे, संत आम्पेलिओचे, नाव सांगते. हा इजिप्तच्या वाळवंटातील तपस्वी पाचव्या शतकाच्या आरंभी समुद्रमार्गे येथे आला, एका खडकाच्या गुहेत राहिला आणि त्याने सोबत खजुरीच्या बिया आणल्या, अशी श्रद्धा आहे. समुद्रात घुसलेल्या त्या खडकावर आज त्याचे दगडी चॅपल आहे आणि १४ मे रोजी त्याचा सण होतो. बियांची कथा श्रद्धेची असेल. परंतु युरोपात इतक्या उत्तरेला शतकानुशतके टिकलेले खजूरबन येथे आहे, ही वस्तुस्थिती आहे. मागे उभ्या आल्प्सच्या रांगा थंड वारे अडवितात आणि समोरचा समुद्र ऊब देतो. खजूर येथे वाढतो, मात्र फळ नीट पिकत नाही. म्हणून या लोकांनी झाड जोपासले ते फळासाठी नव्हे, पानासाठी. शेंड्याची पाने वर गोळा करून घट्ट बांधून ठेवायची. आत उजेड पोचत नाही, म्हणून नवी कोवळी पाने हिरवी न होता फिकट, लवचीक निघतात. हीच ती हस्तिदंती झावळी. ख्रिस्ती लोकांसाठी झावळ्यांचा रविवार आणि उत्तर युरोपातील यहुदी बांधवांसाठी मंडपांचा सण, अशा दोन्ही सणांना बोर्दिगेराची पाने जात. एका गावाचे पोट दोन धर्मांच्या भक्तीवर चालावे, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

आता चित्रकाराकडे वळू.

मोनेचा जन्म १८४० साली पॅरिसमध्ये झाला, पण बालपण ल हाव्र या बंदराच्या गावी गेले. तेथे अझेन बुदँ नावाच्या थोर मनाच्या चित्रकाराने या तरुण पोराला घराबाहेर नेऊन, उघड्या आभाळाखाली चित्र काढायला लावले. आज आपल्याला यात नवल वाटत नाही. त्या काळापर्यंत निसर्गचित्रकार बाहेर जात, टिपणे करीत आणि परत येऊन चित्रशाळेच्या चार भिंतींत मोठे चित्र पूर्ण करीत. रंग दळावे लागत, ते डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून ठेवावे लागत. पिशवी फुटली की सारे वाया. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने मुडपता येणाऱ्या कथलाच्या नळीचे पेटंट घेतले आणि रंग खिशात मावू लागले. त्याला जोड मिळाली आगगाडीची. जिनोव्हाहून फ्रान्सच्या सरहद्दीवरील व्हेंतिमिल्यापर्यंतचा किनाऱ्यालगतचा लोहमार्ग १८७२ मध्ये खुला झाला आणि बोर्दिगेरा हे कोळ्यांचे, ऑलिव्हचे आणि खजुरीचे गाव एकाएकी युरोपच्या नकाशावर आले. थंडी टाळणारे इंग्रज येऊन राहू लागले. पॅरिसचे प्रसिद्ध ऑपेरागृह बांधणारा शार्ल गार्निए याने येथे आपला बंगला उभारला. जर्मनीहून आलेल्या लुदविग विंटर या बागवानाने बागा फुलविल्या.

१८८३ च्या डिसेंबरात मोने आपला मित्र रेन्वार याच्यासह मार्सेलपासून जिनोव्हापर्यंतच्या किनाऱ्यावर फिरून आला. त्या धावत्या भेटीत बोर्दिगेरा त्याच्या मनात भरले. परत येताच १२ जानेवारी १८८४ रोजी त्याने आपले चित्रविक्रेते पॉल दुरां-र्‍युएल यांना पत्र लिहिले, की मला पुन्हा तेथे जायचे आहे, पण ही गोष्ट कोणालाही, रेन्वारलाही, सांगू नका. मित्राशी भांडण नव्हते. दोघे मिळून हिंडणे सुखाचे असले, तरी काम एकट्यानेच, स्वतःच्या संवेदनेच्या मागे जाऊन होते, असे त्याचे म्हणणे होते. एकान्ताची ही ओढ आपल्याला अपरिचित नाही. संत आम्पेलिओ त्याच खडकावर त्याच कारणासाठी बसला होता.

परंतु या प्रवासामागे केवळ रंगांची ओढ नव्हती, पैशाची विवंचनाही होती. ही बाजू ख्रिस्ती वाचकांनी जाणून घेण्याजोगी आहे. दुरां-र्‍युएल हे निष्ठावंत कॅथलिक गृहस्थ. ज्या चित्रकारांची पॅरिस टिंगल करीत होते, त्यांची चित्रे त्यांनी वर्षानुवर्षे विकत घेतली. त्यासाठीचे भांडवल त्यांना ‘युनियॉं जेनेराल’ या बँकेच्या एका संचालकाकडून मिळे. ही बँक १८७८ मध्ये मुख्यतः कॅथलिकांच्या पैशावर उभी राहिली; धर्मगुरू, विधवा, लहान जमीनदार अशा अनेकांनी श्रद्धेने तीत आपली पुंजी ठेवली. सट्ट्याने फुगलेली ती बँक जानेवारी १८८२ मध्ये कोसळली आणि हजारो कुटुंबे बुडाली. ‘आपल्या माणसांची’ म्हणून विश्वासाने ठेव ठेवावी आणि ती बुडावी, हा अनुभव आपल्या समाजालाही नवा नाही. दुरां-र्‍युएल यांच्यावर कर्ज फेडण्याची पाळी आली. मोनेला येणारा पैसा आखडला. त्या वेळी त्याच्यावर एका मोठ्या घराचा भार होता.

त्या घराविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे. मोनेची पत्नी कामीय ५ सप्टेंबर १८७९ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, दीर्घ आजाराने वारली. दोघांचा विवाह १८७० मध्ये केवळ सरकारी नोंदणीने झाला होता. मृत्यूपूर्वी काही दिवस धर्मगुरूला बोलावून त्यांच्या विवाहावर ख्रिस्तसभेचा आशीर्वाद घेतला गेला आणि कामीयला अंतिम संस्कार देण्यात आले. हे घडवून आणणारी स्त्री होती आलिस ओशेदे. दिवाळे निघालेल्या एका व्यापाऱ्याची ही पत्नी आपल्या सहा मुलांसह मोनेच्याच घरी आश्रयाला राहिली होती आणि स्वतः श्रद्धाळू होती. पुढे मोने आणि आलिस एकत्रच राहिले; पती हयात असल्याने विवाह शक्य नव्हता, तो झाला १८९२ मध्ये. ही परिस्थिती सरळ नव्हती, आणि धर्मगुरू म्हणून तिच्यावर पांघरूण घालण्याचा माझा हेतू नाही. पण ज्या स्त्रीने मरणाऱ्या मैत्रिणीच्या उशाशी धर्मगुरू आणला, तिच्या अंतःकरणातील ओढाताण किती असेल, याचा निवाडा आपण न करणे बरे. बोर्दिगेराहून मोने जवळजवळ रोज पत्र लिहीत असे, ते याच आलिसला. तिच्याकडे जिव्हर्नीच्या घरी आठ मुले होती. त्या पत्रांमुळेच या प्रवासाचा एकेक दिवस आज आपल्याला दिसतो.

साधारण महिन्याभराचा बेत करून मोने जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात बोर्दिगेराला पोचला आणि इंग्रज प्रवाशांच्या एका खाणावळीत उतरला. सुरुवातीचे दिवस निराशेचे गेले. ज्या सौंदर्याने त्याला ओढून आणले होते, तेच आता अंगावर येत होते. नॉर्मंडीच्या मोकळ्या किनाऱ्याची, एकट्या झाडाची आणि रुंद आभाळाची त्याच्या डोळ्याला सवय. येथे सगळेच दाट! ऑलिव्ह, लिंबू, संत्री, खजूर एकमेकांत गुंतलेले, मोकळी जागा कोठे नाही. आपण विस्तीर्ण जागांचा आणि सुट्या झाडांचा माणूस आहोत, या गर्दीचे काय करावे, अशा अर्थाची कुरकुर त्याने पत्रांतून केली आहे. खजुरीच्या झाडांनी तर त्याला छळले. जो माड आपण रोज पाहतो, तो कागदावर काढून पाहावा, म्हणजे या छळाची कल्पना येईल. प्रत्येक पाते वेगळे, प्रत्येक पाते हलते आणि सर्व मिळून एकच आकार होतो.

दुसरी अडचण रंगाची. येथील प्रकाश त्याला निळा आणि गुलाबी दिसत होता आणि तो उतरविण्यासाठी आपल्या फलकावर हिरेमाणके हवीत असे त्याला वाटे. असा निळा आणि असा गुलाबी रंग पाहून पॅरिसचे लोक खोटेपणाचा आरोप करतील, हेही तो जाणून होता. परंतु आपण पाहिले त्याच्या मानाने आपले रंग फिकेच आहेत, ही त्याची खात्री होती. त्याने काळा रंग जवळजवळ वर्ज्य केला. सावली काळी नसून निळी-जांभळी असते, हे तो डोळ्याने पाहत होता. समुद्राच्या निळ्याशेजारी डोंगराची नारिंगी छटा ठेवली की दोन्ही रंग एकमेकांना पेटवितात, हे त्याच्या कुंचल्याला उमगले होते.

त्याच्या कामाची रीत विलक्षण शिस्तीची होती. प्रकाश बदलला की चित्र बदलते. म्हणून एकाच दिवसात तो अनेक कॅनव्हासांवर आळीपाळीने काम करी. सकाळचे चित्र सकाळीच, दुपारचे दुपारीच. उद्या तोच प्रहर, तेच ऊन आले की पुन्हा तेच चित्र पुढे. आभाळ भरून आले की सगळेच थांबे आणि माणूस चिडून जाई. हे वाचताना मला आपल्या प्रहरप्रार्थनांचे स्मरण होते. मठवासी जसे ठरल्या वेळी ठरले स्तोत्र म्हणतात, तसा हा माणूस ठरल्या उजेडात ठरल्या चित्रासमोर उभा राही. येथे मोनेला मरणोत्तर भाविक बनविण्याचा माझा विचार नाही. तो श्रद्धाहीन होता आणि ते लपवीत नसे. पण समोर जे आहे त्याच्या आज्ञेत राहणे, आपल्या मर्जीचे काही त्यात न घुसडणे, ही शिस्त आपणही प्रार्थनेत शिकतो. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. सगळी चित्रे उघड्यावरच पूर्ण झाली, ही समजूत खरी नाही. कित्येकांवर त्याने जिव्हर्नीला परतल्यावर हात फिरविला. उघड्या आभाळाचे साधकही घरी बसून थोडी दुरुस्ती करतात.

बोर्दिगेरातील सर्वांत सुंदर खजूर आणि ऑलिव्ह उघड्या रस्त्यावर नव्हते. ते होते फ्रांचेस्को मोरेनो नावाच्या धनिकाच्या बागेत. टेकडीपासून समुद्राकडे उतरत गेलेली ती बाग सर्व युरोपात नावाजलेली होती. आत जाण्यासाठी मोनेने ओळखीचे पत्र मिळविण्याची खटपट केली आणि फेब्रुवारीत त्याला प्रवेश मिळाला. मोरेनोने त्याला मोकळेपणाने फिरू दिले, काम करू दिले. जगातील सगळ्या वनस्पती येथे आपोआप उगवल्यासारख्या दिसतात, असे मोनेला वाटले. त्या बागेतील आणि आसपासची चित्रे आज जगभर विखुरली आहेत. सेमिनरीच्या पुस्तकात मी पाहिलेले, पाइन वृक्षांच्या पिळवटलेल्या खोडांतून जुने गाव दाखविणारे चित्र शिकागोच्या कलासंग्रहालयात आहे. खजुरीच्या झाडांचे एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. बंगल्यांचे आणि घायपाताच्या टोकदार पानांचे एक मोठे चित्र त्याने आपली चित्रकार मैत्रीण बर्थ मोरिझो हिच्या दिवाणखान्यासाठी केले. ते आता पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. समुद्रापासून आत, नेर्विया नदीच्या खोऱ्यात, दोल्चेआक्वा गावच्या एका कमानीच्या मध्ययुगीन पुलाने तर त्याला मोहूनच टाकले; त्या पुलाचीही चित्रे त्याने केली.

महिन्याचे अडीच महिने झाले. त्या वर्षी राख बुधवार २७ फेब्रुवारीला होता. म्हणजे मोनेच्या मुक्कामाचा जवळजवळ निम्मा काळ प्रायश्चित्तकाळाचा होता. जेव्हा तो बागेत खजुरीशी झुंजत होता, तेव्हा आसपासच्या वाड्यांत माळी शिडी लावून शेंड्यांची बांधलेली पाने सोडत, कापत, रोमसाठी गठ्ठे बांधत असणार. १८८४ सालचा झावळ्यांचा रविवार ६ एप्रिलला आला. साधारण त्याच सुमारास मोनेने गाव सोडले, काही दिवस फ्रान्सच्या हद्दीतील मांतों येथे काम केले आणि तो घरी परतला. झावळ्या रोमकडे गेल्या, चित्रे पॅरिसकडे.

आणि येथे मला मोनेविषयी एक तक्रारही नोंदवायची आहे. चाळिसाच्या आसपास असलेल्या त्या चित्रांत माणसे जवळजवळ नाहीत. शिडीवरचा माळी नाही, पाने विणणारी बाई नाही, जाळी ओढणारा कोळी नाही. परदेशी पाहुण्याचा डोळा प्रकाश पाहतो, पण त्या प्रकाशात राबणारे हात पुष्कळदा पाहत नाही. मोनेला दिसलेली खजुरीची झाडे नुसती उगवलेली नव्हती. ती कोणीतरी वाढविलेली होती. सहलीला परदेशी जाऊन समुद्रकिनाऱ्याची छायाचित्रे घेऊन येणाऱ्या आपल्या तरुणांनी हे ध्यानात ठेवावे. आणि आपल्या किनाऱ्यावर येऊन आपल्या वाड्यांना ‘निसर्गरम्य’ म्हणणाऱ्या पाहुण्यांनीही.

त्या चित्रांचे पुढे काय झाले? पॅरिसमध्ये लगेच चमत्कार घडला नाही. दुरां-र्‍युएल यांनी शेवटचा डाव म्हणून १८८६ मध्ये सुमारे तीनशे चित्रे न्यूयॉर्कला नेली. अमेरिकनांनी ती टिंगल न करता पाहिली, विकत घेतली. त्यानंतर दुरां-र्‍युएल सावरले आणि त्यांच्याबरोबर चित्रकारही. मोने पुढे १८८८ मध्ये आंतीबला, १८९५ मध्ये नॉर्वेच्या बर्फात, १९०८ मध्ये आलिससह व्हेनिसला गेला. ५ डिसेंबर १९२६ रोजी तो वारला आणि जिव्हर्नीच्या चर्चच्या आवारात त्याला मूठमाती मिळाली.

मोरेनोची बाग मात्र त्याच्या पश्चात फार काळ टिकली नाही. तिचे तुकडे झाले, मधून रस्ते गेले, बंगले उठले. ती बाग जशी होती तशी आज आहे ती फक्त चित्रांत.

रोमहून परतण्यापूर्वी मी एकदा आगगाडीने बोर्दिगेराला जाऊन आलो. संत आम्पेलिओच्या चॅपलमध्ये प्रार्थना केली आणि टेकडीवरच्या जुन्या गावात चढून गेलो. समुद्र खरोखरच तितका निळा होता. परंतु वाटेत ठिकठिकाणी खजुरीचे ठोकळे उभे होते. शेंडा नसलेले, बुंधे तेवढे उरलेले. एका वृद्ध माळ्याला विचारले, तेव्हा त्याने हाताच्या दोन बोटांनी सोंडेची खूण करून दाखविली. मी ओळखले. आपल्या वाडीतला सोंड्या भुंगा!

वाचकहो, हा तांबूस भुंगा मूळचा आपल्याच, दक्षिण आशियाच्या, प्रदेशातला. आपल्या माडांना तो पिढ्यान्‌पिढ्या छळत आला आहे. रोपांच्या व्यापाराबरोबर तो १९८० च्या दशकात आखाती देशांत, १९९० च्या दशकात स्पेनमध्ये आणि या शतकाच्या पहिल्या दशकात इटलीत पोचला. मादी झाडाच्या जखमेत अंडी घालते. अळ्या आतला गाभा खातात. बाहेरून झाड हिरवेगार दिसते. शेंडा कलला म्हणजे कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरील असंख्य ताडवर्गीय झाडे अशी गेली. ज्या झाडाच्या बिया पूर्वेकडून एका संताने नेल्या असे मानतात, त्याचा शत्रूही पूर्वेकडूनच गेला.

मायदेशी परतल्यावर एका धर्मग्रामस्थ माउलीने मला आपल्या वाडीत नेऊन एक माड दाखविला. म्हणाली, “फादर, वरून काय सुद्धा कळत नव्हतं. आत नुसता भुसा.” मग जरा थांबून म्हणाली, “भुंग्याचं औषध तरी मिळतं. पण पोरांना वाडीच नको झालीय, त्याला काय करू?” त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या वाडीच्या तिन्ही बाजूंना इमारती आल्या होत्या. आमच्या धर्मग्रामात झावळ्यांच्या रविवारसाठी पूर्वी प्रत्येक आळीतून झावळ्या येत. अलीकडे एक वर्ष असे आले की त्या टेम्पोने बाहेरगावाहून मागवाव्या लागल्या. मिरवणूक नेहमीसारखीच निघाली, गाणी नेहमीसारखीच झाली. पण हातातली झावळी आपल्या मातीतली नाही, हे मला वेदीपर्यंत जाणवत राहिले.

मोने काही बाग वाचवू शकला नाही. ते त्याचे कामही नव्हते. पण जे नाहीसे होणार होते, त्याकडे त्याने अडीच महिने रोज, त्याच वेळी, त्याच जागी उभे राहून पाहिले. आपण आपल्या वाड्यांकडे, बावखलांकडे, किनाऱ्याकडे असे किती दिवस पाहिले? आपण तर येथलेच. आपल्याला कोणाच्या ओळखीच्या पत्राची गरज नाही. आपल्या शाळांतून चित्रकलेच्या तासाला मुले पुस्तकातला डोंगर, पुस्तकातला सूर्य आणि पुस्तकातली होडी काढतात. त्यांना एखाद्या सकाळी वाडीत नेऊन बसवावे, आणि समोरचा एक माड, त्याच्या बुंध्याशी काम करणाऱ्या आजोबांसह, काढायला सांगावा. चित्र वाकडे येईल, येऊ द्या. ज्याने एका झाडाकडे तासभर नीट पाहिले आहे, त्याला ते झाड तोडायला सांगणे सोपे जात नाही.

पुढच्या झावळ्यांच्या रविवारी हातात झावळी घेताना क्षणभर तिच्याकडे पाहा. ती कोणत्या वाडीतली, कोणी उतरविली, हे शेजाऱ्याला विचारा. उत्तर देता आले, तर समजा की आपली मिरवणूक अजून आपल्याच गावातून निघते आहे.